एका फॉस्फेटचा फरक

(दृश्य: निफाड तालुक्यातली द्राक्षबाग. निळ्या ड्रममध्ये स्लरी ढवळली जातेय.)

गूळ, पाणी आणि जिवाणू. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात असा ड्रम नवा नाही. आज त्यात पडलाय स्युडोमोनास फ्लुरोसन्स. तो बुरशीला आवर घालतो, हे इथल्या बागायतदारांना पाठ आहे. जीवरसायनशास्त्रात मात्र त्याची नोंद झाली ती वेगळ्याच कारणाने.

१९५२ साली अमेरिकेत सिडनी कोलोविक, नेथन कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच जातीच्या जिवाणूच्या अर्कात एक विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन (एन्झाइम), सापडलं. ट्रान्सहायड्रोजनेज.

(दृश्य: लासलगावचा कांदा बाजार, मग शेतातली कांदाचाळ.)

पेशीत इलेक्ट्रॉन वाहणारे दोन रेणू आहेत, एनएडीएच आणि एनएडीपीएच. फरक फक्त एका फॉस्फेटचा. पण लाल कांदा काढला की थेट बाजारात आणि उन्हाळ कांदा चाळीत, तसाच इथला रिवाज. एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन ऊर्जेसाठी लगेच खर्ची पडतात. एनएडीपीएचवरचे राखून ठेवायचे: मेदाम्लं बनवायला, पेशीत साचणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडची विल्हेवाट लावायला.

एकीकडे रेलचेल आणि दुसरीकडे चणचण झाली, की हे विकर दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन, म्हणजे एक हायड्राइड, इकडून तिकडे करतं.

त्याच्या दोन तऱ्हा आहेत. स्युडोमोनासमधलं विकर पेशीद्रवात मोकळं असतं. हायड्राइड आधी त्याच्यातल्या एफएडी या मदतनीस रेणूवर उतरतो, मग पुढे जातो. अ‍ॅझोटोबॅक्टर विनेलँडी या जिवाणूत तर या विकराचे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब धागे होतात. या जिवाणूचे भाऊबंद आपल्या जिवाणू खतांत असतात, हे जाता जाता.

दुसरी तऱ्हा जास्त चक्रावणारी. हे विकर पटलात, म्हणजे पातळ पडद्यात, रुतलेलं असतं: ई. कोलाय या जिवाणूच्या आतल्या पटलात, आणि आपल्या पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्याही. हायड्राइड एनएडीएचवरून थेट एनएडीपीवर, म्हणजे रिकाम्या एनएडीपीएचवर, जातो, मध्ये कुणी नाही. पण फुकटात नाही. दर वेळी एक प्रोटॉन पटलातून आत यावा लागतो. आता, प्रोटॉनची वाट एकीकडे आणि हायड्राइडची देवघेव पार दुसरीकडे; मग दोन्ही जुळतात कशी? २०१९ साली मेंढीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या विकराची रचना उलगडली, तेव्हा दिसलं की एनएडीपी धरून ठेवणारा भाग चक्क उलटा फिरतो. एकदा पटलाकडे तोंड, एकदा एनएडीएचकडे.

ई. कोलायने दोन्ही तऱ्हा बाळगल्यात. पटलातलं विकर एनएडीपीएच बनवतं, मोकळं विकर जादा झालेलं परत फिरवतं.

(दृश्य: प्रयोगशाळेतला काळा उंदीर.)

जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा हा उंदीर, सी५७ब्लॅक/६जे. हे विकर बनवणाऱ्या त्याच्या एनएनटी या जनुकाचा एक तुकडाच गायब आहे, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियातलं हे विकर त्याच्याकडे नाही. हे ध्यानात आलं २००५-०६च्या सुमारास. तोवर मधुमेहाचे किती प्रयोग त्याच्यावर होऊन गेले होते!

माणसात या जनुकातला बिघाड २०१२ साली समोर आला. त्याचा फटका मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला बसतो. कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसं बनत नाही, मुलांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. निदान वेळेत झालं तर कमी पडणारं संप्रेरक गोळ्यांतून देता येतं. ते रोज घ्यावं लागतं.