मुक्काम, जिथे पाणी मिळेल तिथे

[दृश्य: सकाळ. अक्रोडाच्या बागांमधला अरुंद डांबरी रस्ता. समोरून एक उंच पांढरी गाडी येते आहे.]

नैऋत्य फ्रान्स. जुलै महिना. दोर्दोन्य नदीच्या काठाने मैलोन् मैल अक्रोडाच्या बागा आहेत, आणि त्यांच्यामधून जवळजवळ तीन मीटर उंचीची ही गाडी सावकाश चालली आहे. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटंसं न्हाणीघर. आपण मोटरहोम म्हणतो, इथले लोक ‘काँपिंग-कार’ म्हणतात. उन्हाळा लागला की फ्रान्सच्या आडरस्त्यांवर या गाड्या पदोपदी भेटतात.

पुढचा मुक्काम कुठे, हे बहुतेक वेळा गाडीच्या टाक्याच ठरवतात. एक टाकी चांगल्या पाण्याची, साधारण शंभर लिटरची. दुसरी सांडपाण्याची. आणि शौचालयाखाली एक बंद पेटी. पाणी काठोकाठ भरून घ्यावं म्हटलं, तर वजन आडवं येतं. कारच्या साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात माणसं, सायकली, खुर्च्या, वाटेत घेतलेल्या वाइनच्या बाटल्या. त्यामुळे मुरलेली मंडळी टाकी अर्धीच भरतात, आणि दोन-तीन दिवसांनी पाण्यासाठी कुठल्या तरी गावात शिरतात.

[दृश्य: गावाबाहेरचा वाहनतळ. नळाचा खांब, शेजारी जमिनीत लोखंडी जाळी.]

अशा गाड्यांसाठी अनेक गावांनी वेशीवर जागा राखली आहे. तिला ‘एर’ म्हणतात. सांडपाणी जाळीत सोडायचं. मग ती पेटी. गाडीच्या कुशीतलं छोटं दार उघडून ती बाहेर ओढायची, चाकांवर खडखडत न्यायची, नळकांडं वळवून ठरलेल्या भोकात रिकामी करायची, विसळायची, निळं औषध घालून परत बसवायची. हातात रबरी मोजे आणि चेहऱ्यावर काही घडतच नसल्याचा भाव. सहलीच्या फोटोंत हे दृश्य कुणी टाकत नाही.

नळ सुरू करायला कुठे कार्ड चालतं, कुठे खास टोकन लागतं. हे टोकन बऱ्याचदा गावातल्या बेकरीत मिळतं. म्हणजे पाण्यासाठी आलेला माणूस पाव घेऊनच जाणार! ग्रामपंचायतीच्या डोक्याला दाद द्यायला हवी. मात्र दुपारी बारा-साडेबारानंतर पोचलात तर दुकानाला कुलूप आणि टोकन थेट अडीच-तीनला. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.

रात्री थांबण्याचा नियमही मजेशीर आहे. मोटरहोम कायद्याने मोटारगाडीच. स्थानिक मनाई नसेल तिथे ती उभी करा, आत खुशाल झोपा. पण बाहेर टेबल-खुर्च्या मांडल्या, छत उलगडलं, की तो झाला तंबू ठोकण्याचा प्रकार आणि त्यासाठी वेगळी परवानगी हवी. समुद्रकिनारी तर अनेक वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवा दांडाच असतो. मोटरहोमने तिथून माघारी फिरायचं.

[दृश्य: कड्याला बिलगलेलं रोकामादूर गाव. पठारावरचा शेळ्यांचा गोठा, संध्याकाळ.]

म्हणून शेतकऱ्याचं अंगण. 1993 मध्ये ‘फ्रान्स पासियों’ नावाची योजना सुरू झाली. वर्गणी भरायची, काचेला स्टिकर लावायचा, आणि द्राक्षमळेवाल्यांच्या, पशुपालकांच्या आवारात एक रात्र फुकट काढायची. अट एवढीच, की आल्या आल्या घरधन्याला भेटून नमस्कार-चमत्कार करायचा. काही विकत घेण्याची सक्ती नाही. पण गोठ्यात धारा चालू असताना, मालकीणबाईंनी चवीला चीज पुढे केल्यावर, रिकाम्या हाताने कोण निघणार? रोकामादूर चीजची चकती जेमतेम 35 ग्रॅमची. बाहेरून पातळ साय, आतून लोण्यासारखं मऊ आणि शेळीच्या दुधाचा किंचित उग्र वास. दोन चकत्या उभ्या उभ्याच संपतात.

भर दुपारी मात्र या पत्र्याच्या घरात बसवत नाही. गाडी झाडाखाली लावली तर छतावरच्या सौर पॅनेलला ऊन मिळत नाही, उन्हात लावली तर माणसं भाजतात. अशा वेळी माँतिन्याक गावाची वाट धरावी. जवळच्याच टेकडीत 12 सप्टेंबर 1940 रोजी चार मुलांना लास्को गुहेतली आदिम चित्रं सापडली. पुढे लाखो प्रेक्षकांच्या श्वासातली वाफ भिंतींना बाधू लागली आणि 1963 मध्ये गुहा लोकांसाठी बंद झाली. आता दिसते ती 2016 मध्ये खुली झालेली हुबेहूब प्रतिकृती. खोटी आहे हे पक्कं ठाऊक असूनही तिथले बैल अंगावर येतात. आत थंडावा असतो, स्वेटर जवळ असू द्या.

[दृश्य: महामार्ग. गाड्यांची न हलणारी रांग.]

जुलैअखेरचा किंवा ऑगस्टच्या सुरुवातीचा शनिवार. जुलैची सुट्टी संपवून परतणारे आणि ऑगस्टची सुट्टी सुरू करणारे एकाच दिवशी रस्त्यावर. 1976 पासून ‘बिझों फ्युते’ ही सरकारी सेवा वाहतुकीचा अंदाज रंगांत सांगते: हिरवा, नारिंगी, लाल आणि सर्वांत वाईट, काळा. काळा दिवस असला की जाणते मोटरहोमवाले गाडी हलवत नाहीत. इथे तर त्यांना आयतं निमित्त आहे, कारण याच भागातल्या सार्ला गावाचा मोठा बाजार शनिवारीच भरतो.

[दृश्य: सार्लाचा बाजार. पिवळसर दगडी घरं, रंगीत छत्र्या.]

अक्रोडाचं तेल, बदकाच्या मांसाचे डबे, शेजारच्या केर्सी भागातली खरबुजं. विक्रेता विचारतो, कधी खाणार? आज दुपारी म्हटलं तर एक निवडतो, उद्या म्हटलं तर दुसरं, देठापाशी वास घेऊन. सेंत-मारी चर्चमध्येही आता दुकानं थाटली आहेत. त्याची अवाढव्य पोलादी दारं वास्तुरचनाकार जाँ नुव्हेल यांनी केली. ते लहानाचे मोठे झाले याच गावात.

खरेदी गाडीत येते. फ्रिज पिटुकला, खरबूज काही त्यात मावत नाही. ते भांडी घासायच्या सिंकमध्ये बसतं. रेडिओवर 107.7 हे वाहतुकीच्या बातम्या देणारं केंद्र लावलं की महामार्गांवरच्या रांगा किलोमीटरमध्ये ऐकू येतात, आणि खरबूज कापायला कुणीतरी सुरी शोधत असतं.