सोलापूरचा ओक कोणता?

मंडळी, मघाशी दाराशीच एका तरुण मित्रानं विचारलं, "इंग्लंडात वन्यजीवांसाठी ओक लावा म्हणतात. आपल्याकडे त्याची रोपं मिळतील का?" प्रश्न मला मनापासून आवडला, आजचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा ओकच्या आधारानं राहणाऱ्या सुमारे 2,300 जाती निघाल्या. त्यातल्या 326 जातींना ओकवाचून दुसरा थाराच नाही. हे काही शेपन्नास वर्षांत झालेलं नाही. झाड, अळी, पाखरू, बुरशी हजारो वर्षं शेजारी राहिली, तेव्हा कुठं हे गणगोत जमलं. आपल्या देशात ओक आहे, पण हिमालयात. गढवाल-कुमाऊंत त्याला बांज म्हणतात. सोलापूरच्या मुरमात, मे महिन्याच्या उन्हात तो तग धरायचा नाही. आणि पाणी घालून जगवलाच, तरी इथल्या अळीला त्याचं पान ओळखीचं नाही. मग आपला ओक कोणता?

माझं उत्तर आहे बाभूळ. गावठी बाभूळ म्हणतोय मी, परदेशातून आलेली वेडी बाभूळ नव्हे.

आमच्या आजोळच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती. पावसाळा लागला की तिच्या शेंड्यांना सुगरणीचे खोपे लोंबायचे, खाली पाणी. नर पिवळाजर्द होऊन ज्वारीच्या पानाची लांब चिरफळी चोचीत धरून यायचा. अर्धा खोपा विणला की पंख फडफडवत मादीला बोलवायचा. मादी आत जाऊन बघायची. पसंत पडलं तर पुढचं विणकाम, नाहीतर तो खोपा तसाच सोडून दुसरा सुरू. वर काटे, खाली पाणी. साप यायचा कुठून? त्याच झाडाच्या काट्याला खाटीक पक्षी नाकतोडा टोचून ठेवायचा. उन्हाळ्यात शेळ्या शेंगा खायच्या आणि सकाळी वाड्यात लेंड्यांबरोबर बिया पडलेल्या असायच्या, रुजायला जणू तयार होऊनच. एवढं काम करणारं झाड आपण काटेरी म्हणून तोडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा उंबर, ओढ्याकाठचा. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण फुलं फळाच्या आतच असतात. फळाच्या तोंडाशी बारीक छिद्र असतं. तिळाएवढी गांधीलमाशी त्यातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. ती आतल्या फुलांना पराग देते, तिथंच अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढची पिढी पराग घेऊन बाहेर पडते आणि दुसरा उंबर शोधते. म्हणजे पंचक्रोशीत एकच उंबर राहिला, तर ही साखळी अडचणीत येते. फळ पिकलं की वटवाघळं, बुलबुल, खारी, मुंग्या सगळ्यांचीच पंगत.

बोरीबद्दल थोडक्यात सांगतो. बांधावरची बोर ठेवा. तिच्या पानांवर छोट्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात.

आता जी गोष्ट सांगायला मी मुद्दाम आलो, ती अशी, की माळावर झाड लावू नका. हो, झाडांवर बोलायला आलेला माणूस हे म्हणतोय. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं, आपल्या शहरापासून फार लांब नाही. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच. त्याला चारी बाजूंनी दूरवर दिसावं लागतं. कावळ्याला बसायला उंच फांदी मिळाली की ते अंडं गेलंच. काळवीट, लांडगा, धाविक आणि चंडोल हे पक्षी, ही सगळी गवताची माणसं. शाळेत असताना आम्ही पोरांनी अशाच एका माळावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाचे खड्डे खणले. शेळी तोंड लावत नाही म्हणून ते निवडलेलं. रोपं जगली, टाळ्या मिळाल्या. काही वर्षांनी गेलो तर सावलीखाली गवत नाही आणि चंडोलाची शीळही नाही. ते खड्डे मला आजही बोचतात. माळ ओसाड नसतो हो, तो भरलेला असतो. नुसता वाकून बघायला पाहिजे.

म्हणून जागा बघून लावा. विहिरीकाठी, बांधावर, शाळेच्या कुंपणाला बाभूळ, हिवर, बोर. ओढ्याला उंबर. जुन्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप पावसात मुळासकट अलगद काढून मोकळ्या जागेत लावता येतं. बाभळीचं बी कडक गरम पाण्यात टाका, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी फुगलेलं बी तेवढं पेरा. चांगला पाऊस झाल्यावर पेरलं की मूळ खोल जातं. पहिले दोन उन्हाळे भोवती बोराटीचं कुंपण ठेवा, शेळ्यांपासून. पुढं त्याच शेळ्यांना शेंगा खाऊ द्या.