खंभातच्या आखाताची भरती

नमस्कार श्रोतेहो. वाशीच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांना खाडीची भरती-ओहोटी नवी नाही. उधाणाला आपल्याकडे पाणी ५ मीटरच्या आसपास चढतं, आणि त्यात पाऊस कोसळला की आपली तारांबळ उडते. पण गुजरातेत, खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला हीच भरती १० मीटरच्याही वर जाते. आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद, उथळ. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागाच नाही, मग ते वर चढतं.

त्यात साबरमती, मही, नर्मदा, तापी या नद्या गाळ आणून ओततात. मार्को पोलोनं ज्याचं वर्णन केलं, ते खंभात बंदर या गाळानंच बुडवलं. गावात अकीक घडवणारे कारागीर तेवढे राहिले. त्यांचा दगड रतनपूरच्या खाणींतून येतो.

मात्र ज्या पाण्यानं खंभातची जहाजं घालवली, त्यानंच आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अलंगला जहाजं आणली, तीही मोडायला! १९८३ पासून तिथं हा धंदा चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्यावर घालायचं. ओहोटी लागली की ते कोरडं पडतं. मग गॅस कटर घेऊन कामगार चढतात. सुकी गोदी बांधायचा खर्च समुद्रानंच वाचवलेला. म्हणून हे काम इथं स्वस्त. अर्थात त्या स्वस्ताईचा काही भाग ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांनी आपल्या फुप्फुसांनी फेडला आहे, हेही सांगायला हवं. जहाजातल्या ॲस्बेस्टॉसवरून, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतूंवरून, वादळ उठलं तेव्हा, २००६ मध्ये, फ्रान्सला आपली ‘क्लेमांसो’ ही युद्धनौका अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी लागली. आपल्या नौदलाची ‘विराट’ मात्र २०२० मध्ये अलंगलाच गेली. सिंधुदुर्गात तिचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. ते कागदावरच राहिलं.

आखाताच्या पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला. पुढं हजिरा आणि दहेज ही बंदरं उभी राहिली. दहेजला परदेशातून द्रवरूप नैसर्गिक वायू उतरतो, आणि तिथून निघालेली वायुवाहिनी थेट उरण-पनवेलपर्यंत येते. म्हणजे हे आखात आपल्या दारापर्यंत आलेलंच आहे म्हणा ना!

भावनगरजवळच्या घोघ्याहून दहेजला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही चढवून नेणारी, फेरी २०१७ मध्ये सुरू झाली. दहेजच्या बाजूला गाळानं पाण्याची खोलीच राहीना, म्हणून ती बंद पडली. २०२० पासून जहाज घोघ्याहून सुरतेजवळच्या हजिऱ्याला जातं. रस्त्यानं हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर आहे, समुद्रातून ९०. भावनगर आणि सुरतेत ज्यांचे सगेसोयरे वाटले गेले आहेत, ते आता गाडीसकट जहाजात चढतात.