टच हवाय कशाला?

नमस्कार मंडळी. विषय सार्वजनिक ठिकाणच्या स्क्रीन्सचा आहे, म्हणजे भिंतीवर लटकलेल्या, खांबावर उभ्या असलेल्या, बोट लावलं की काहीतरी होणाऱ्या आणि काहीच न होणाऱ्याही. कुठली स्क्रीन घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, तिथे येणाऱ्या लोकांचा प्रश्न एकच आहे की प्रत्येकाचा वेगळा? गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागणार हा हजार माणसांचा एकच प्रश्न, तिथे मोठ्ठी साधी स्क्रीन लावा, हात लावायची गरजच नाही. पण हॉस्पिटलमध्ये एकाला एक्स-रेला जायचंय, दुसऱ्याला बिल भरायचंय, तिसरा नुसता टॉयलेट शोधतोय, तिथे टच कामाचा.

हिशोब करा ना सरळ. एक माणूस टचस्क्रीनसमोर ४० सेकंद उभा राहिला तर तासाला फार तर ९० माणसं होतात, तीही मध्ये एक सेकंद वाया न घालवता. साधी स्क्रीन तेवढ्याच वेळात समोरच्या सगळ्या गर्दीला उत्तर देऊन मोकळी. तरी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, टचवाली घेऊया, भारी दिसेल. दिसते ना भारी, उद्घाटनाच्या दिवशी.

साध्या स्क्रीनमध्येही करण्यासारखं बरंच असतं हं. पूर्वी स्टेशनांवर, एअरपोर्टवर पाट्या फडफडवत बदलणारे बोर्ड असायचे, इटलीतल्या उदिनेच्या सोलारी कंपनीचे तर जगभर गेले. त्या फडफडीचा फायदा असा की काहीतरी बदललंय हे न बघताही कळायचं, लोक आपोआप मान वर करायचे. आताच्या स्क्रीनवर ओळ गुपचूप बदलते आणि माणूस जुन्याच प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. म्हणून बदललेली ओळ थोडा वेळ वेगळ्या रंगात ठेवा, जमलं तर छोटा आवाज द्या, आणि मेहेरबानी करून गाड्यांच्या वेळा जाहिरातींच्या लूपमध्ये घालू नका, घाईतला माणूस तुमची जाहिरात संपायची वाट बघत थांबत नाही.

बरं, टच लागणारच असेल तर कुठला? ही काही मोबाईलबरोबर आलेली गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच बोटाने चालणाऱ्या पडद्यावर लेख लिहिला होता, तोही विमानांचं ट्रॅफिक सांभाळणाऱ्यांसाठी. १९७२ मध्ये आलेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो ४ या शिकवायच्या सिस्टिमवर इन्फ्रारेड टच होता, १६ बाय १६ चौकोन, बस. ती आयडिया अजून जिवंत आहे, बऱ्याच मोठ्या स्क्रीनच्या चौकटीत एका बाजूने न दिसणारे किरण सोडतात, समोर सेन्सर असतात, बोट आडवं आलं की किरण अडतो आणि जागा कळते. हातमोजा चालतो, पेन चालतो, काहीही चालतं. आणि तोच वैताग, कारण चौकटीच्या कोपऱ्यात कोणी च्युइंगम चिकटवला तरी स्क्रीनला वाटतं एक जण कधीपासून बोट दाबून उभा आहे.

मोबाईलमधला प्रकार म्हणजे कपॅसिटिव्ह. काचेमागे डोळ्याला न दिसणारी वाहक जाळी असते, बोट जवळ आलं की तिथलं विद्युत क्षेत्र बदलतं. काच सपाट, पुसायला सोपी, दिसायला छान. पण उघड्यावर लावली आणि पावसाचे थेंब पडले की ते थेंबही बोटासारखे वाटू शकतात, मग मेनू आपले आपणच उघडतायत, भाषा बदलतेय, काय वाट्टेल ते. चांगला कंट्रोलर पाणी ओळखतो, पण ते ब्रोशरवर वाचून समाधान मानू नका, डेमोला जाताना पाण्याची स्प्रे बॉटल घेऊन जा आणि काच ओली करून मागा. विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धं उत्तर मिळतं.

आता ऊन. घरातला साधा टीव्ही साधारण ३०० ते ४०० निट्सचा, निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. थेट उन्हात वाचता यायला २,५०० च्या आसपास लागतात. वाढवा मग ब्राइटनेस, असं म्हणणं सोपंय, पण ब्राइटनेस वाढला की वीज वाढली, वीज वाढली की उष्णता, वरून ऊन तापवतंय ते वेगळंच, आणि एलसीडीतलं लिक्विड क्रिस्टल एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याची रचना मोडते आणि पडद्यावर काळा डाग पसरतो. थंड झालं की सहसा जातो, त्यामुळे दुपारी तक्रार येते आणि संध्याकाळी टेक्निशियन पोचतो तेव्हा सगळं ठीक असतं. अजून एक, पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काही पॅनेल उभे बसवले की या गॉगलमधून पूर्ण काळे दिसतात, आणि उन्हात गॉगल घालूनच लोक येणार. या सगळ्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बसवायच्या आधी स्क्रीनचं तोंड कुठे करायचं ते ठरवा, नाहीतर छप्पर करा.

उंचीचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या २०१० च्या अपंगांसाठीच्या स्टँडर्ड्समध्ये व्हीलचेअरवरून समोर हात पोचायची कमाल मर्यादा ४८ इंच, म्हणजे साधारण १,२२० मिलिमीटर, धरलीय. ५५ इंची स्क्रीन उभी लावली तर वरचा बराचसा भाग त्याच्या वर जातो. म्हणून बटणं खाली, नकाशा-चित्रं वर. लहान मुलांची, बुटक्या माणसांचीही सोय होते. अंध माणसाला मात्र सपाट काचेवर चाचपायला काहीच नसतं, तिथे आवाज आणि खरी दाबायची बटणं द्यावीच लागतात, याला शॉर्टकट नाही.

आणि नवीन डिझाइन करायच्या आधी जुन्या मशीनवर चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्या वाचा. "आधी भाषा निवडा", "दोनदा दाबा", "बंद पडल्यास खिडकीवर विचारा". काउंटरवरच्या माणसाने तेच तेच सांगून कंटाळून चिकटवलेल्या असतात त्या, पैसे देऊन केलेल्या सर्व्हेत एवढं सापडत नाही. पहिली चिठ्ठी दिसली की समजा पहिलाच स्क्रीन चुकलाय.

मागून प्रश्न आलाय, साफ कसं करायचं. स्प्रे थेट काचेवर मारू नका, ओघळ खाली चौकटीत शिरतो, कपड्यावर मारा आणि कपडा फिरवा, अमोनियावालं क्लीनर नको, काचेवरचं कोटिंग जातं. आणि पुसताना टच बंद करायची सोय घेतानाच मागून घ्या. ती नसली तर रोज सकाळी दार उघडायच्या आधीच कपड्याने दोन टोकन काढलेली असतात आणि पहिल्या माणसाला तिसरा नंबर मिळतो.