सकाळी दुखणारे पोट
(नाशिक येथील एका पालकसभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सोमवारी सकाळी साडेसहाला, शाळेच्या तयारीच्या वेळी, मुलाचे पोट दुखू लागते, मळमळते, डोळे भरून येतात; रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवून निघून जातात, आणि नऊ वाजेपर्यंत दुखणे थांबते. रविवारी मात्र काही होत नाही. एवढ्या पुराव्यावर घरात निकाल लागतो की मूल नाटक करते आहे. हा निकाल आपण सर्वांनी मागे घ्यावा, अशी माझी पहिली विनंती आहे. अशा मुलाला शाळेची भीती वाटत असते. भीतीच्या वेळी शरीरात अॅड्रेनलीन हे संप्रेरक वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, आतड्यांचे काम बिघडते. म्हणजे ते दुखणे खरेच असते, आणि रविवारी भीतीचे कारण समोर नसते म्हणून ते उद्भवत नाही. बालरोगतज्ज्ञांना एकदा अवश्य दाखवावे, विशेषतः मूल रात्री दुखण्याने जागे होत असेल किंवा त्याचे वजन घटत असेल तर.

दुखणे खरे आहे हे मान्य केले की कनवाळू पालक त्याला घरी ठेवतात, आणि नेमके तेथेच भीतीला खतपाणी मिळते. ‘आज नको जाऊस’ म्हणताच मुलाला जी सुटका वाटते, ती त्याच्या मनाला शिकवते की शाळा खरोखरच धोक्याची होती आणि आपण थोडक्यात वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती तेवढीच राहत नाही, वाढते. याउलट ओरडत, ओढत फाटकाच्या आत ढकलले तर भीतीच्या जोडीला अपमान येतो. या दोहोंमधली वाट आहे, आणि ती शंभर वर्षांपूर्वीच दाखवली गेली आहे.

1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशाला घाबरे. उंदीर, लोकरी वस्तू, एवढेच काय, कापूस पाहूनही रडे. जोन्सबाईंनी त्याला समजावत बसण्यात वेळ घालवला नाही. पीटरला आवडीचा खाऊ देऊन बसवायचे आणि पिंजऱ्यातला ससा त्याला सहन होईल इतक्याच अंतरावर ठेवायचा. पुढे ते अंतर हळूहळू कमी करायचे. सशाला न भिणारी मुलेही त्याच्यासोबत खेळायला असत. अखेरीस ससा त्याची बोटे कुरतडू लागला तरी पीटर शांत राहू लागला. मला या हकिकतीतला मधला भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रगती होत असतानाच पीटरला ताप आला आणि त्याला जवळजवळ दोन महिने रुग्णालयात राहावे लागले. तेथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि परिचारिकेच्या अंगावर धावून आला. परिचारिकाही घाबरली, आणि पीटर पुन्हा जवळपास पहिल्या ठिकाणी आला. जोन्सबाईंनी काम सोडले नाही. त्या पुन्हा दूरच्या अंतरापासून सुरू झाल्या. दिवाळीच्या सुटीनंतर किंवा तापातून उठल्यावर आपले मूल पुन्हा शाळेला घाबरू लागले, तर ‘सगळे पाण्यात गेले’ असे मानणाऱ्या आईवडिलांना मी हा प्रसंग आवर्जून सांगते. त्या परिचारिकेचीही आठवण ठेवावी, कारण फाटकाशी आपला चेहरा कसा आहे हे मूल बारकाईने पाहत असते.

आपली मुले गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पोहायला शिकतात तीही घाटाच्या पायरीपायरीने, आधी घोट्याएवढ्या आणि मग गुडघ्याएवढ्या पाण्यात. शाळेच्या बाबतीत मात्र आपण पूर्ण दिवस नाहीतर पूर्ण रजा, एवढेच जाणतो. माझी तक्रार येथे आहे. एका शाळेत अशा मुलीसाठी दोन आठवडे फक्त पहिल्या दोन तासिका बसण्याची परवानगी मी मागितली. ‘एकीला सवलत दिली तर सगळे मागतील,’ असे उत्तर मिळाले. वर उशीर झाला म्हणून तिला वर्गापुढे उभे करून कारण विचारण्यात आले. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे शिक्षकखोलीत मोठ्या अक्षरांत लावले पाहिजे. पन्नास मुलांसमोर थरथरत उभी असलेली मुलगी शिस्त शिकत नसते, ती शाळा सोडायला शिकत असते.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, आणि ज्यासाठी आपण आलात तो भाग अजून राहिला आहे. तो थोडक्यात सांगते. सर्वांत आधी भीतीमागचे कारण शोधा. कोणी मारत, छळत असेल तर आधी ते थांबवावे लागेल. असुरक्षित जागेची सवय लावणे हा उपचार नव्हे. वाचन-लेखन मागे पडत असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित जड जाण्याची, तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मग मुलाला सोबत घेऊन पायऱ्या ठरवा: शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत फेरी, मग रिकाम्या वर्गात बाईंची भेट, मग आवडीची एक तासिका, मग मधल्या सुटीपर्यंत. एका पायरीवर भीती ओसरू लागली की पुढची घ्या.

घरी राहिलेला दिवस कंटाळवाणा असू द्या. रागवू नका, पण शाळेच्या वेळेत मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा. ‘काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला दहा वेळा उत्तर देण्याऐवजी एकदाच म्हणा, ‘भीती वाटते आहे हे मला दिसतंय, आणि तुला जमेल असंही मला वाटतं.’ येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी पालकांच्या अशाच वागण्यावर आधारलेली उपचारपद्धती घडवली आहे. तिच्यात मुलाऐवजी पालकच सत्रांना जातात, आणि मुलांची चिंता तरीही कमी होते. शिक्षकांनी परतलेल्या मुलाला सर्वांदेखत ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे विचारू नये. वही पुढे करून आजचे पान दाखवावे.

रजा वाढतच चालल्या तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला वर्ष संपण्याची वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालू असतो. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आता प्रश्न विचारा. ज्यांना सभेत बोलायचे नाही त्यांच्यासाठी मी नंतर थांबणार आहे.