आधी वर्गात बसवा, कागद नंतर

मंडळी, घर घेताना आधी शाळेचं रेटिंग आणि मग स्वयंपाकघर पाहिलेले इथे किती जण आहेत? हात वर करू नका, मोजण्यात वेळ जाईल. कॅलिफोर्नियात सरकारी शाळा पत्त्यावर मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्याच्या अलीकडे एक शाळा, पलीकडे दुसरी. नाव घालायला गेलं की पहिली मागणी पत्त्याच्या पुराव्याची: लीज, विजेचं बिल, घरपट्टीची पावती. मग ज्या मुलाला पत्ताच नाही त्यानं काय करायचं? निमंत्रणावर 'हायस्कूलची क्रेडिट्स' (म्हणजे डिप्लोमासाठी विषयवार जमवावे लागणारे गुणांक) असं छापलंय आणि तिथे मी येणारच आहे. पण आधी शाळेच्या ऑफिसातल्या काउंटरपाशी थांबू. या मुलांसाठी केलेला कायदा पाळला जातो किंवा मोडला जातो तो तिथेच, असं माझं ठाम मत आहे.

कायदा अमेरिकेचा केंद्रीय, 1987 चा, मॅककिनी-व्हेंटो नावाचा. त्यातलं 'व्हेंटो' हे नाव नंतर जोडलं गेलं. रात्री झोपायला कायमची, रोजची आणि पुरेशी जागा नसलेलं प्रत्येक मूल त्यात येतं. शेल्टरमधलं येतं, दुसरीकडे सोय नाही म्हणून मोटेलमध्ये राहणारं येतं, गाडीत झोपणारं येतं. आणि भाडं थकलं, नोकरी गेली, घर सोडावं लागलं म्हणून मावशीच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपणारंही येतं. देशभरातल्या शाळा दरवर्षी अशी दहा लाखांहून जास्त मुलं नोंदवतात आणि त्यातली सुमारे तीन चतुर्थांश या शेवटच्या प्रकारातली असतात. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की घरबांधणी खात्याची व्याख्या याहून अरुंद आहे. मावशीच्या हॉलमधलं मूल शाळेच्या लेखी बेघर, पण घरासाठी मदत मागायला गेलं की बहुतेक वेळा नाही.

आता काउंटर. मंगळवारची सकाळ, आई दोन मुलांना घेऊन उभी आहे. समोरची क्लार्क वाईट बाई नाही. तिच्या स्क्रीनवर पत्त्याच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. ती अगदी गोड आवाजात म्हणते, "कागद मिळाले की या." आई निघून जाते. प्रवेश नाकारला असं कुठेच लिहिलं जात नाही, त्यामुळे तक्रारही होत नाही. दोन आठवडे जातात. मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर या गोड वाक्याचा.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. प्रवेश ताबडतोब द्यायचा. ताबडतोब म्हणजे मूल वर्गात बसलं पाहिजे, जेवणाच्या रांगेत उभं राहिलं पाहिजे, बँडमध्ये वाजवत असेल तर तिथेही गेलं पाहिजे. पत्त्याचा पुरावा नाही, लसीकरणाचं कार्ड नाही, जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक नाही, अर्जाची तारीख उलटली, यातलं काहीही आड येऊ द्यायचं नाही. जुन्या शाळेला फोन करून कागद मागवणं हे नव्या शाळेचं काम. लस राहिली असेल तर ती मिळवून द्यायला मदत करणं हेही डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचं काम. हरवलेल्या पुस्तकाचा दंड थकलाय म्हणूनही अडवता येत नाही. भारतातल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातही शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवू नये असं कलम आहे, म्हणजे हा कागदाचा आजार फक्त इथलाच नाही.

यावर काउंटरकडून येणारी एक मधली वाट असते: ज्यांच्या घरी राहता त्यांची सही आणा. ऐकायला सरळ वाटतं. पण मावशीच्या लीजवर चारच माणसांची नावं आहेत. घरमालकाला कळलं तर मावशीलाही नोटीस. मावशी सही करत नाही, मूल घरी बसतं, आणि कधीकधी या मागणीमुळेच दोन्ही कुटुंबं बाहेर पडतात. म्हणून ही सही प्रवेशाची अट होऊ शकत नाही.

फॉर्मवरचा प्रश्नही तपासून पाहा. "तुम्ही बेघर आहात का?" असा चौकोन ठेवला की आई "नाही" वर खूण करते. तिच्या डोक्यावर छप्पर आहे, ते मावशीचं का असेना. शिवाय मुलं काढून नेतील ही भीती असते. त्याऐवजी "सध्या कुठे राहता?" असं विचारून पर्याय द्यावेत: मोटेल, शेल्टर, गाडी, अडचणीमुळे दुसऱ्यांच्या घरी. 2021 पासून कॅलिफोर्नियात अशी प्रश्नावली दरवर्षी सगळ्याच पालकांना देणं शाळांना बंधनकारक आहे. ती मराठीतून करून मागता येते. मागा.

हे आपल्या समाजाबाहेरचं आहे असं वाटत असेल, तर एका प्रसंगाचा विचार करा. मारहाणीला कंटाळून बाई मुलांना घेऊन मैत्रिणीकडे येते. लीज नवऱ्याच्या नावावर, बिलं नवऱ्याच्या नावावर, व्हिसासुद्धा त्याच्याच नोकरीवर. तिची मुलं या कायद्यात बसतात. जुनी शाळा चालू ठेवता येते, नवी हवी असेल तर कागदांशिवाय मिळते, आणि व्हिसावरून शाळा नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 सालीच ठरवून दिलंय. फक्त एक काळजी घ्या. मूल कुठे राहतं ही माहिती शाळा बाहेरच्यांना वाटू शकत नाही, पण न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल तर वडिलांना मुलाचं रेकॉर्ड पाहण्याचा हक्क असतो. म्हणून खरा पत्ता फॉर्मवर लिहिण्याआधी लिएझनशी बोला आणि राज्याच्या 'सेफ अ‍ॅट होम' योजनेतून टपालासाठी पर्यायी पत्ता मिळवा. आधी पत्ता लिहून मागाहून खोडणं फार अवघड जातं.

लिएझन कोण? प्रत्येक डिस्ट्रिक्टनं नेमलेला, या मुलांसाठी जबाबदार माणूस. एकही बेघर मूल नोंदलेलं नसलं तरी नेमावाच लागतो. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी त्याच माणसाकडे हजेरी, समुपदेशन आणि आणखी दोन खाती असतात.

आता शाळेच्या बसकडे येऊ, कारण प्रवेशानंतरची मोठी लढाई तिथे होते. मूल आधी ज्या शाळेत होतं तिथेच राहणं त्याच्या हिताचं, असं कायदा गृहीत धरतो. पालकांना नको असेल किंवा ते मुलाच्या हिताचं नाही असं ठरलं तरच बदल. शेल्टर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर ने-आणीच्या खर्चाचं दोन्ही डिस्ट्रिक्टनी ठरवायचं. जमलं नाही तर निम्मा-निम्मा. मैलांची मर्यादा कायद्यात नाही. पण सात वर्षांच्या पोराला रोज बसमध्ये किती वेळ काढावा लागेल, हे हित ठरवताना बघायचं असतं. बिघडतं कुठे? नवा मार्ग आखायला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढे दिवस गैरहजेरी पडते. म्हणून चांगले लिएझन पहिल्या आठवड्यासाठी पेट्रोलचं कार्ड किंवा बसचा पास हाताशी ठेवतात. आणखी एक बारीक गोष्ट: शेल्टरचा थांबा सकाळी पहिला आणि दुपारी शेवटचा ठेवावा. मग बसमधल्या इतर मुलांना हा कुठे चढतो, कुठे उतरतो ते दिसत नाही. यासाठी जादा पैसा लागत नाही, मार्ग आखणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तेव्हा क्रेडिट्स, भराभर.

फॉस्टरमधली मुलं, म्हणजे न्यायालयाच्या हुकुमानं आईवडिलांपासून दूर ठेवलेली. तीच शाळा, ताबडतोब प्रवेश आणि बस हे हक्क त्यांना 2015 च्या केंद्रीय कायद्यानं दिले. कॅलिफोर्नियानं त्यातले बरेच 2003 सालीच एबी 490 या राज्याच्या कायद्यानं दिले होते. त्यानुसार जुन्या शाळेनं मागणी आल्यापासून कामाच्या दोन दिवसांत रेकॉर्ड पाठवायचं असतं. घर बदललं किंवा न्यायालयात जावं लागलं म्हणून दिवस बुडाले, तर त्यापायी गुण कमी करता येत नाहीत.

हायस्कूलमध्ये एका विषयाच्या एका सेमिस्टरला बहुधा 5 क्रेडिट्स. नोव्हेंबरमध्ये घर बदललं की सेमिस्टर अर्धवट राहतं, आणि पूर्वी ते सरळ शून्य धरायचे. आता जेवढे दिवस शिकला तेवढी अर्धी-पाऊण क्रेडिट्स जुन्या शाळेनं द्यायची आणि नव्या शाळेनं घ्यायची. झालेला भाग पुन्हा करायला लावता येत नाही. चुकतं असं की जुनी शाळा ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, काहीच लिहीत नाही आणि नवी शाळा विचारत नाही. म्हणून मुलगा निघतो त्याच दिवशी, त्या तारखेपर्यंतचे गुण आणि हजेरी लिहून मागून घ्या. वर्षभरानं ते कुणाला सापडत नाही.

दुसरं: अकरावीत किंवा बारावीत शाळा बदललेल्या फॉस्टर आणि बेघर मुलांना, चौथ्या वर्षाअखेर डिस्ट्रिक्टच्या सगळ्या अटी पुऱ्या होणं शक्य नसेल, तर जादा अटींतून सूट मिळते. राज्याच्या किमान अटींवर, म्हणजे साधारण 130 क्रेडिट्सवर, डिप्लोमा मिळतो. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये एरवी 220 च्या आसपास लागतात. शाळेनं हे बदली झाल्यापासून 30 दिवसांत कळवायला हवं. पण सूट घाईनं घेऊ नका. युनिव्हर्सिटीत थेट जायचं असेल तर 130 पुरत नाहीत. पाचवं वर्ष थांबायचा पर्यायही कायद्यात आहे, तो आधी तपासा.

मूल एकटंच, पालकांशिवाय राहत असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या फॉर्मवर त्याला स्वतंत्र विद्यार्थी धरतात. त्यासाठी लिएझनचं पत्र चालतं. घर सोडून गेलेल्या बापाची सही शोधत फिरायची गरज नाही. तेरावं वर्ष पूर्ण झाल्यावर एक दिवस जरी फॉस्टरमध्ये काढला असेल तरी तेच.

आणि शाळा "नाही" म्हणाली तर तो नकार लेखी मागा. कारणासह लेखी द्यावाच लागतो, त्यावर अपील करता येतं, आणि वादाचा निकाल लागेपर्यंत मूल मागितलेल्या शाळेत बसतं. लिएझनचं नाव डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात विचारलं की सांगतात. फोनवर "होमलेस लिएझनशी बोलायचंय" एवढंच म्हणा. फॉस्टरच्या मुलांसाठी वेगळा माणूस असेल, तोही त्याच फोनवर विचारून घ्या. आता तुमचे प्रश्न.