श्टायर: ज्यांच्या हातांनी हे शहर घडलं

आल्प्समधून उतरणाऱ्या एन्स आणि श्टायर या दोन नद्यांचा संगम झाला, तिथे अप्पर ऑस्ट्रियातलं श्टायर शहर उभं आहे.

मुख्य चौकात शिरलं की नजर ठरत नाही. रंगीत दर्शनी भिंती, आत कमानींची अंगणं, आणि 15व्या शतकातलं, गॉथिक या मध्ययुगीन युरोपीय शैलीचं बुमरलहाउस हे घर. ही श्रीमंती आली लोखंडातून. एर्त्सबर्ग डोंगरातलं लोखंड एन्सच्या वाटेने खाली यायचं, आणि 1287च्या सनदेमुळे व्यापाऱ्यांना आपला माल आधी इथल्या नागरिकांसमोर विक्रीला मांडावाच लागे.

पण चौकातच थांबू नका. पूल ओलांडून वेरग्राबेन या कारागिरांच्या जुन्या भागात या. श्टायर नदीचं पाणी इथे पाटांतून वळवलेलं आहे. या पाण्यावर पाणचक्क्या फिरायच्या, घण पडायचे, चाकू-सुऱ्यांना धार लागायची. माझ्या मते खरं श्टायर हेच.

याच कारागिरीतून योझेफ वेर्न्डल पुढे आला. 1864मध्ये त्याने शस्त्रांचा कारखाना काढला आणि तीनच वर्षांत त्याची रायफल ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या सैन्याने स्वीकारली. 1884मध्ये शहरात भरलेल्या विजेच्या प्रदर्शनात इथले रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले, तेव्हा युरोपात असं दृश्य फार थोड्या शहरांत दिसायचं. वेर्न्डलने कामगारांसाठी घरं बांधली, पोहण्याचा तलावही बांधला. त्याच्या स्मारकाकडे नीट पाहा: पायथ्याशी कामगारांचे पुतळे आहेत. मालकाच्या स्मारकात कामगारांना जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे याच कारखान्यातून सायकली, मोटारी, ट्रॅक्टर बाहेर पडले. आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा शस्त्रं. ती बनवायला 1942पासून माउटहाउझेन या नाझी छळछावणीची एक शाखा शहराच्या म्युनिखहोल्त्स भागात होती. तिथल्या कैद्यांना कारखान्यात राबवलं गेलं. वेर्न्डलच्या स्मारकाच्या पायथ्याशी त्यांचे पुतळे नाहीत. मात्र लाम्बर्ग वाड्याखालच्या, हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी खणलेल्या बोगद्यात 2013पासून त्यांच्यावरचं प्रदर्शन आहे. आत गारठा असतो, स्वेटर घेऊन जा, पण जाच. हे पाहिल्याशिवाय श्टायर पाहिलं असं म्हणता येणार नाही.

वेरग्राबेनमधल्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत 1987पासून श्रमाच्या जगाचं संग्रहालय आहे. यंत्रांइतकीच तिथे मजुरी, कामाचे तास, संप आणि संघटना यांची गोष्ट सांगितली जाते. शहराच्या कडेला बीएमडब्ल्यूच्या प्रचंड कारखान्यात आजही इंजिनं बनतात, आणि पाळी बदलली की श्टायरचे कामगार घरी निघतात.